हात डोक्यावरून

गुरुजी, हलू नका.
मोबाईलमधला गोल हिरवा होईस्तोवर
फक्त डोळे मिचकवा. एकदा.
मिचकवले ना, म्हणतात ते,
सकाळपासून तेच तर करून राहिलो.

आज तीस नोव्हेंबर.
बाहेर बाकड्यावर सहा जण,
एकाच्या पिशवीत बोडीतले ओले शिंगाडे.
नेट लाखांदूरकडून येतं,
शटर अर्धं ओढलं की थोडं जास्त येतं.
का, ते मला विचारू नका.

अंगठा आधीच घेऊन झाला. सातदा.
ओला करून, पुसून, माझ्या ओढणीवर घासून.
मशीन म्हणालं, रेषा नाहीत.
ठवकर गुरुजी हसले:
एकोणचाळीस वर्षं फळा हातानंच पुसला ना बाई,
पंचायत समितीनं डस्टर पाठवलंच नाही.

पूर्वी बरं होतं, असं मी म्हणणार नाही.
पूर्वी बँकेत तीन तास उभं राहायचं,
मग गालात खर्रा धरलेला शेंडेबाबू
चष्म्यावरून बघायचा,
"जिवंत आहा ना जी, गुरुजी?"
"सध्या तरी."
धप्प. शिक्का.
त्याच शेंडेबाबूला सुलकनबाई मात्र
दोन वर्षं ओळखू आली नाही.
तिच्याजवळ त्याच्या खर्ऱ्यापुरतेही सुटे नसायचे.

मिचकवा, गुरुजी.
चेहरा जुळत नाही म्हणतंय.
कार्डावरच्या माणसाला दात आहेत,
दोन्ही डोळे एकाच दिशेला आहेत,
आणि तो कॅमेऱ्याकडे असा बघतो
जसे तुम्ही तपासणीच्या साहेबाकडे बघायचे.

माझी ओळख पटवायला असलं काही लागलं नव्हतं.
जूनची अखेर. बाबाच्या खांद्यावर जाळं,
अख्ख्या वर्गात मासळीचा वास.
"जी, हे बारकी. हिले घ्या."
"जन्म कधीचा?"
"शिंगाडे निघत होते, तवाचा."
"कोणत्या साली?"
बाबा कौलांकडे बघत राहिला.
गुरुजी खुर्चीतून उठले,
माझ्यासमोर उकिडवे बसले:
उजवा हात डोक्यावरून घे,
डावा कान धर.

मान वाकडी केली, खांदा ताणला,
बोट पाळीला लागलं. जेमतेम.
खरंच लागलं का, ते आजही सांगता येत नाही.
त्यांनी पाहिलं. लिहिलं.
एक जुलै. सहा वर्षं पूर्ण.
आणि बारकी कशी चालेल, थांब,
निरंजना.

त्या रजिस्टरात अख्खं गाव एक जुलैला जन्मलं.
धिवरांची, कोहळ्यांची, गोंडांची पोरं
एकाच दिवशी, एकाच निळ्या शाईत.
त्या तारखेवर माझा दाखला, माझं कार्ड,
या केंद्राचा परवाना,
आणि हा लॉगिन,
ज्यात बसून मी गुरुजींना विचारते आहे
की तुम्ही तुम्हीच कशावरून.

गोल लाल झाला. पुन्हा.
"अवं, मी सांगतो ना," सुलकनबाई बाकड्यावरून ओरडते,
"गुरुजीच आहेत हे!"
मशीनमध्ये सुलकनबाईसाठी बटन नाही.

तेव्हा गुरुजींनी चष्मा काढून टेबलावर ठेवला
आणि उजवा हात उचलला.
तो खांद्याच्या वर गेला नाही,
मागच्या दिवाळीपासून जात नाही.
मग डाव्या हातानं त्याचं कोपर धरलं,
ढकलत ढकलत
टकलापर्यंत आणला.
तिथंच अडला. कान चार बोटं दूर.

"घ्याल का मग पहिलीत?" त्यांनी विचारलं.

बाहेर कुणीतरी हसलं.
मी उठले, शटर आणखी वीतभर ओढलं,
मोबाईल हातात घेतला
आणि त्यांच्यासमोर उकिडवी बसले.
मिचकवा आता, गुरुजी. सावकाश.
मी बघते आहे.